अन्नदाता सुखी भव

आपल्याकडील टीकाकारांनी शृंगार, वीर, करुण या रसांची मीमांसा पुष्कळ केली. परंतु जो रस प्रथम जिभेस कळतो त्याची दखल घेणे त्यांना बहुधा कमीपणाचे वाटत आले आहे. जुन्या आख्यानकाव्यांत लग्नपंक्तींची वर्णने विपुल आहेत. पक्वान्नांची नावे घेता घेता कवीही दमतो आणि वाचकही. परंतु ते अन्न कोठून आले, कोणी शिजवले, आणि सर्वांची पाने उचलल्यावर वाढणाऱ्याच्या वाट्यास काय उरले, हा प्रश्न अशा वर्णनांना क्वचितच कोणी विचारतो. मला तो विचारावासा वाटला याचे कारण मात्र एक परकी लघुकथा आहे. आणि ती ज्या सणाभोवती रचलेली आहे तो सणही आपला नव्हे. तेव्हा प्रथम त्या सणाची ओळख करून देणे प्राप्त आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण पाळतात. सुगीचे दिवस संपून थंडीने जोर धरलेला असतो. लांब लांब नोकरीस असलेली मुले त्या दिवशी आईबापांच्या घरी येतात, आणि दुपार कलल्यावर सारे कुटुंब एका मेजाभोवती बसते. मेजाच्या मध्यभागी भाजलेली टर्की. हा पक्षी कोंबडीहून पुष्कळ मोठा असतो आणि त्याच्या पोटात पावाचे तुकडे, कांदा व सुवासिक पाला यांचे सारण भरलेले असते. सोबत क्रॅनबेरी नावाच्या लाल, आंबट फळांचा मुरंबा, कुस्करलेले बटाटे, रताळी. आणि शेवटी तांबड्या भोपळ्याचे गोड पुरण घालून भट्टीत भाजलेली, उघड्या तोंडाच्या कचोरीसारखी दिसणारी एक जाड वस्तू. हे शेवटचे पक्वान्न टाळणे म्हणजे आपल्याकडे दिवाळीत चकली टाळण्यासारखे आहे. पुष्कळ घरांत अशी चाल आहे की, जेवणास हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने क्रमाने आपण या वर्षी कशाबद्दल कृतज्ञ आहो ते सांगावयाचे. माझे काही विद्यार्थी आता तिकडेच संसार मांडून राहिले आहेत. ते लिहितात की, टर्कीच्या जागी त्यांच्याकडे भरली वांगी असतात, परंतु कृतज्ञता सांगण्याची चाल त्यांनीही उचलली आहे. आणि मुले ती आईबापांहून अधिक मोकळेपणाने पाळतात.

चाल खरोखरच चांगली आहे. मात्र तीत एक मौज आहे. आभार मानावयाचे हे ठरले, परंतु कोणाचे मानावयाचे ते मोघमच राहिले. श्रद्धाळू मनुष्य ईश्वराचे मानतो. इतरांचे आभार हवेत सोडल्यासारखे होतात. या सणाविषयीचे जे थोडेबहुत उत्तम लिखाण मी वाचले त्यात हाच प्रश्न पुनःपुन्हा दडलेला आढळला: ताट समोर आहे, पण ते देणारा कोठे आहे?

हा सण राष्ट्रीय झाला तो एका लेखिकेच्या चिकाटीने. सेरा जोसेफा हेल हे नाव आपल्याकडे कोणास ठाऊक नसेल. परंतु मेरी आणि तिचे कोकरू यांचे जे बालगीत आपल्या इंग्रजी शाळांतील मुले आजही घोकतात ते १८३० साली याच बाईंनी प्रसिद्ध केले. १८२२ साली त्यांचे यजमान वारले. पदरी पाच मुले होती. उपजीविकेसाठी त्यांनी लेखणी धरली, आणि १८२७ साली ‘नॉर्थवुड’ नावाची कादंबरी लिहिली. तीत न्यू इंग्लंडमधील एका शेतकऱ्याच्या घरच्या थँक्सगिव्हिंगचे सविस्तर वर्णन आहे. मेजाच्या शिरोभागी टर्की, तिच्या दिमतीस गोमांस, डुकराचे व मेंढीचे मांस, पलीकडे हंस, बदकांची जोडी, कोंबडीची कचोरी, लोणची, मुरंबे, भोपळ्याचे ते अपरिहार्य पक्वान्न, केक आणि फळे, अशी ती यादी वाचताना आपल्याला आपल्या आख्यानकवींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका म्हणून हेलबाईंनी वर्षानुवर्षे लेख लिहिले, गव्हर्नरांना व अध्यक्षांना पत्रे घातली. अखेर २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी लिंकन यांना पत्र लिहिले. आणि ऐन यादवी युद्धात, त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्राने आभारदिन म्हणून पाळावा असा जाहीरनामा निघाला. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. लेखणीच्या जोरावर राष्ट्राला सण मिळवून देणारी अशी उदाहरणे फार नसतील.

हे सर्व मान्य करूनही वाङ्मय या दृष्टीने पाहता ‘नॉर्थवुड’मधील ते प्रकरण उणे वाटते. त्यात समृद्धी आहे, स्वच्छता आहे, घरंदाजपणा आहे; परंतु वर्णनाचा सारा भर मेजावर आहे. जिने स्वतः पाच मुलांची पोटे लेखणीने भरली तिला घासाचे मोल ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? तरी लिहिताना तिने ते मोल मेजपोसाखाली झाकले. वाचकाचे डोळे निवतात, मन हलत नाही.

याहून दोनशे वर्षे जुना एक लहानसा मजकूर मला अधिक बोलका वाटतो. १६२० च्या अखेरीस ‘मेफ्लॉवर’ जहाजातून सुमारे शंभर इंग्रज माणसे प्लिमथ येथे उतरली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मी मेली. पुढील वर्षी पीक आले. तेव्हा त्यांच्यातील एडवर्ड विन्स्लो याने ११ डिसेंबर १६२१ रोजी इंग्लंडमधील स्नेह्यास एक पत्र लिहिले, आणि ते १६२२ साली लंडनमध्ये छापले गेले. ज्याला आज पहिले थँक्सगिव्हिंग म्हणतात त्याविषयीचा मजकूर त्यात अवघ्या काही ओळींचा आहे. ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द त्यात नाही. टर्कीचे नावही नाही. त्याला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ ही पदवी मिळाली ती १८४१ साली, अलेक्झांडर यंग या संपादकाने हे पत्र पुन्हा छापताना दिलेल्या एका तळटीपेत. आमच्यासारख्या तळटिपा लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी यावरून थोडा धीर धरण्यास हरकत नाही.

परंतु त्या ओळींत एक आकडा आहे, आणि तो विसरण्याजोगा नाही. चार माणसे पक्षी मारावयास गेली आणि त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणले, असे सांगून विन्स्लो लिहितो की, वाम्पानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला, तीन दिवस मेजवानी चालली. आणि या पाहुण्यांनी रानात जाऊन पाच हरणे मारून आणली व ती वसाहतीच्या प्रमुखांना अर्पण केली. पाच हरणे! यजमान पन्नासेक, पाहुणे नव्वद, आणि मांसाचा भरभक्कम वाटा पाहुण्यांचा. शिवाय ज्या मक्याच्या पिकाबद्दल हा आनंद होता तो मका मासळीचे खत घालून कसा लावावा हे शिकविणारा टिस्क्वांटम त्याच भूमीचा पुत्र होता. १६१४ साली एका इंग्रज खलाशाने त्याला फसवून पळविले व स्पेनमध्ये विकावयास नेले. तो १६१९ साली परत आला तेव्हा त्याचे गाव साथीच्या रोगाने निर्मनुष्य झाले होते. त्याच ओसाड गावाच्या जागी इंग्रजांचे प्लिमथ उभे राहिले. ज्याचे घर गेले त्यानेच त्या जागी आलेल्यांना पेरणी शिकविली. विन्स्लोने पत्रात देवाच्या दयेचा उल्लेख केला. आणि हरणांची संख्याही प्रामाणिकपणे नोंदली. पुढच्या पिढ्यांनी पहिले तेवढे ठेवले. मॅसासॉइटचा पुत्र मेटाकॉम १६७६ साली इंग्रजांशी लढताना मारला गेला, आणि त्याचे मस्तक प्लिमथमध्ये खांबावर टांगण्यात आले. १९७० पासून त्या लोकांचे वंशज आणि त्यांचे सोबती याच गुरुवारी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात. सण आणि सुतक एकाच गावी, एकाच दिवशी.

‘आम्हांस त्याचे काय?’ असे कोणी म्हणेल तर त्याने एकादशीस आपल्या ताटाकडे पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सारी मूळची अमेरिका खंडातील. तेथल्या मूळच्या लोकांनी ही पिके शतकानुशतके जोपासली. ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, आणि आपण ती इतकी आपली मानली की उपवासाससुद्धा चालवून घेतली. त्यांच्या आद्य जोपासकांचे स्मरण आपणही कधी केलेले नाही.

आता मूळ कथेकडे येतो. ओ. हेन्री (१८६२–१९१०) हा लेखक आपल्या वाचकांस अपरिचित नाही. नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेण्याकरिता केस विकणारी तरुणी आणि तिच्या केसांना कंगवे आणण्यासाठी ते घड्याळच विकणारा नवरा, ही त्याची ‘मॅजाय’ची कथा पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. त्याचे खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर. बँकेतील अफरातफरीच्या आरोपावरून त्याने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्यामुळे प्रतिष्ठेच्या पायरीवरून घसरलेल्या माणसांकडे त्याची दृष्टी आपुलकीने वळते. त्याच्या ‘द ट्रिम्ड लँप’ या १९०७ सालच्या संग्रहात ‘टू थँक्सगिव्हिंग डे जंटलमेन’, म्हणजे आभारदिनाचे दोन सद्गृहस्थ, अशी एक आठ-दहा मिनिटांत वाचून होणारी कथा आहे.

कथानक थोडक्यात असे. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर नावाच्या बागेत ठराविक बाकावर स्टफी पीट हा निष्कांचन भटक्या नऊ वर्षे दर थँक्सगिव्हिंगला येऊन बसतो. दर वर्षी एक वृद्ध गृहस्थ तेथे येतो, तेच ठरीव चार शब्द बोलतो, आणि त्याला एका खाणावळीत नेऊन पोटभर जेवू घालतो. आपल्या तरुण देशात जुन्या परंपरा नाहीत. निदान ही एक आपण घालून द्यावी, अशी त्या वृद्धाची धारणा आहे. या वर्षी मात्र विपरीत घडले. पीट बागेकडे येत असता दोन वृद्ध कुलीन स्त्रियांच्या वाड्यावरून गेला. त्यांचीही परंपरा होती: दुपारचे बारा वाजल्यावर दारावरून जाणाऱ्या पहिल्या भुकेल्यास आत बोलावून त्याला तृप्त करावयाचे. चाकराने पीटला आत नेले. कालवांपासून पुडिंगपर्यंत सारे पोटात गेले. आता तो बाकावर बसला आहे तो श्वास घेणेही कठीण झालेल्या स्थितीत. इतक्यात समोरून तो वृद्ध येतो. उंच, कृश, साठीचा, अंगात काळे कपडे, गतवर्षीपेक्षा केस अधिक पांढरे व विरळ. पीट त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. आणि आपण फार भुकेलो आहो असे सांगून निमूटपणे त्याच्यामागून जातो.

खाणावळीत पुन्हा टर्की येते. पीट एक सुस्कारा टाकतो. तो भुकेचा समजला जातो. वृद्ध समोर बसून धन्यतेने पाहत राहतो. पीट शूराप्रमाणे शेवटच्या घासापर्यंत झुंजतो. वृद्ध एक डॉलर तीस सेंट चिल्लर मोजून देतो, वाढप्यासाठी पाच सेंटांची तीन नाणी ठेवतो, आणि दोघे दोन दिशांना जातात. कोपऱ्यावर पीट कोसळतो. त्याला रुग्णालयात नेतात. तासाभराने दुसऱ्या गाडीतून त्याच रुग्णालयात तो वृद्धही येतो. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर परिचारिकेशी बोलता बोलता सांगतो: हा म्हातारा पाहिलात? जुन्या मानी घराण्यातला दिसतो. जवळजवळ उपासमारीचीच केस. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, असे तो मला म्हणाला. कथा येथे संपते.

या कथेविषयीचे माझे पूर्वीचे मत सांगणे येथे अवश्य आहे, कारण ते चुकीचे होते. कित्येक वर्षे मी ही कथा वर्गात शिकविली ती ‘शेवटच्या धक्क्याचा नमुना’ म्हणून. एकाचे पोट फुटावयास आले आहे आणि दुसऱ्याचे पाठीस लागले आहे. दोघे एकाच रुग्णालयात. किती सुबक उलटापालट! मुले हसत. मीही हसत असे, आणि फळ्यावर ‘विपर्यास’ हा शब्द लिहून तास संपवीत असे. पुष्कळ टीकाकारांचेही ओ. हेन्रीविषयी असेच मत आहे: हुशार कारागीर, पेटीचे झाकण उघडून दाखविणारा जादूगार, एवढेच.

हा आरोप अगदी निराधार नाही. कथेत दोष आहेत आणि ते झाकू नयेत. आरंभी तो अमेरिकेतील परंपरांच्या हौसेवर इतकी टोमणेबाजी करतो की कथेस पाय फुटण्यापूर्वीच वाचक दमतो. शेवट डॉक्टरच्या तोंडून ओतवून घेणे ही तर सोयीची युक्ती आहे. नाटकात दोन चाकर येऊन कथानक सांगून जातात त्यातलीच. आणि त्याची भाषा जेथे गप्प बसावयास हवे तेथेही कोटी केल्यावाचून राहत नाही.

पण एवढ्यावरून कथेचा निकाल लावणे म्हणजे डब्यावरील नक्षी ओबडधोबड आहे म्हणून आतील वस्तू न पाहताच टाकण्यासारखे आहे. आत काय आहे? प्रथम शीर्षकच पाहा. ‘दोन सद्गृहस्थ.’ त्यांपैकी एक उघडउघड भटक्या आहे; म्हणून शीर्षकात उपरोध आहे असे आपण धरून चालतो. मला आता वाटते की, त्यात उपरोध मुळीच नाही. पीटने त्या दिवशी जे केले ते सद्गृहस्थाचेच कृत्य आहे. ‘आज माझे जेवण झाले आहे’ असे एक वाक्य बोलून तो सुटू शकत होता. ते वाक्य त्याने गिळले, कारण समोरच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही. आभाराचे शब्द कोणीही बोलतो. पीटने आभार खाऊन दाखविले आणि त्यापायी प्राणावरचे संकट ओढवून घेतले. घेणाऱ्यालाही काही द्यावे लागते, हे इतक्या थोड्या जागेत सांगणारी दुसरी कथा मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. या कथेत तिघेजण अन्न देतात: दोन वृद्ध स्त्रिया आणि तो वृद्ध गृहस्थ. तिघांनाही लेखकाने नाव दिलेले नाही. नाव आहे ते खाणाऱ्याला. वृद्धाविषयी आपल्याला एवढेच कळते की, बागेच्या पूर्वेस एका निवांत गल्लीतील मोडकळीस आलेल्या जुन्या घरात तो भाड्याच्या खोलीत राहतो, हिवाळ्यात ट्रंकेएवढ्या जागेत फुलझाडे वाढवितो, आणि आपली परंपरा पुढे चालवावयास आपल्याला मुलगा नाही या विचाराने मनात झुरतो. आता शेवट वाचल्यावर मागे वळून ते एक डॉलर तीस सेंट पुन्हा मोजावेत. पहिल्या वाचनात तो खाणावळीचा हिशेब असतो. दुसऱ्या वाचनात त्या चिल्लरीचे प्रत्येक नाणे म्हणजे चुकविलेले एक जेवण असते. आणि वाढप्याचीही तीन नाणी त्याने चुकविली नाहीत! नोट नव्हे, चिल्लर, हे लेखकाने आपल्याला आधीच सांगून ठेवले होते. आपणच ऐकले नाही. याला मी नुसती चलाखी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट ‘मॅजाय’च्या कथेशी तुलना केल्यावर ध्यानात येते. त्या कथेतील नवराबायकोचे त्याग एकमेकांना व्यर्थ करतात, परंतु दोघांना एकमेकांचे मन कळते. त्या कळण्यातच त्यांचा नाताळ साजरा होतो आणि वाचक सुखावतो. येथे दोघे बहुधा एकाच छपराखाली निजलेले आहेत आणि कोणासच काही ठाऊक नाही. पीटला वाटते, म्हाताऱ्याला पैशाची ददात नसावी. म्हाताऱ्याला वाटते, पीटला कडकडून भूक होती. दोघांचे समाधान दोघांच्या अज्ञानावर उभे आहे. म्हणून पहिली कथा लोकप्रिय झाली. आणि म्हणूनच मला ही दुसरी कथा अधिक खरी वाटते. आपल्याला जेवू घालणाऱ्याच्या पोटात काय आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही.

माझे मत बदलले ते वर्गात नव्हे, घरी. काही वर्षांपूर्वी या कथेवरील व्याख्यानाची तयारी करीत असता मी ती वडिलांना मराठीत सांगितली. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. गमतीची गोष्ट म्हणून त्यांना आवडेल असे मला वाटले. ते हसले नाहीत. बराच वेळ अडकित्ता हातात तसाच धरून बसले, आणि मग म्हणाले, “माझाही गुरुवारच होता.”

वडील कोकणातून १९५० च्या सुमारास शिक्षणासाठी पुण्यास आले ते वार लावून जेवत. आठवड्याचे सात दिवस, सात घरे. ही चाल तेव्हा संपत आली होती, तरी पेठांतील काही वाड्यांतून अजून जीव धरून होती. त्यांचा गुरुवार एका विधवा बाईंकडे होता. बाई चार घरी स्वयंपाक करीत, पापड लाटून देत. पदरी एक लहान मुलगी. वडील त्यांना काकू म्हणत. काकू त्यांना मुलीच्या शेजारी बसवून वाढीत, आणि स्वतः भिंतीला टेकून बसत. “काकू, तुम्ही?” असे विचारले की उत्तर ठरलेले: “अरे, मला गुरुवार आहे.” दत्ताचा उपवास, त्यात नवल वाटण्यासारखे काय होते? भाताची दुसरी मूद त्या आग्रहाने वाढीत, आणि ती पानात पडली की त्यांच्या चेहऱ्यावर काही निराळेच तेज येई. एका गुरुवारी वडिलांना सकाळी एका मुंजीचे बोलावणे होते. तेथे जिलबीवर हात मारून ते आले, आणि काकूंचे मांडलेले पान पाहिल्यावर जेवून आल्याचे सांगण्याची जीभ होईना. “त्या दिवशी मीही तुझ्या त्या पीटसारखाच जेवलो,” वडील म्हणाले. “रात्रभर तळमळत होतो.”

पुढे ते पदवीधर झाले, नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन काकूंकडे गेले. योगायोगाने तो गुरुवार होता. काकू आणि मुलगी पाटावर जेवावयास बसल्या होत्या. भात, आमटी, नेहमीचेच. वडिलांच्या तोंडून निघून गेले, “काकू, आज गुरुवार ना?” काकू थोड्या गोंधळल्या, मग हसून म्हणाल्या, “तुझा वार सुटला, तसा माझाही सुटला बाबा!” आणि लगबगीने त्यांच्यासाठी पाट मांडू लागल्या. वडील सांगत होते की, जिना उतरताना मधल्या पायरीवर त्यांना त्या वाक्याचा अर्थ कळला, आणि तेथेच ते काही वेळ बसून राहिले. चार वर्षे त्यांनी दर गुरुवारी आचवताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हटले होते. अन्नदाता भिंतीला टेकून समोर बसला होता.

वडील आता नाहीत. काकूंचे नाव त्यांनी मला सांगितले होते की नाही हे मला आठवत नाही. विचारावयास हवे होते, ते मी विचारले नाही. ओ. हेन्रीच्या कथेत वृद्धाला नाव नाही, हे मला त्यानंतरच जाणवले.

टीकेच्या लेखात घरची गोष्ट आणावी काय, असा आक्षेप येईल. मला तो मान्य आहे; परंतु एखाद्या कथेची खरी किंमत ठरविण्याचे एक साधन असे की, ती ऐकून ऐंशी वर्षांच्या मनुष्यास जन्मभर न सांगितलेली गोष्ट सांगावीशी वाटली की नाही. केवळ शेवटच्या धक्क्यावर उभी असलेली कथा हे काम करू शकणार नाही. धक्का एकदाच बसतो. ही कथा दुसऱ्यांदा वाचतानाच उघडते, आणि दुसऱ्या वाचनात तिच्यातील विनोद तसाच राहूनही हसू येत नाही.

तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या मेजाभोवती बसून आपण कशाबद्दल कृतज्ञ आहो हे सांगण्याची चाल आमच्या तिकडील मुलांनी अवश्य पाळावी. तीत एकच भर घालावी, अशी त्यांना माझी सूचना आहे. कशाबद्दल, हे सांगून झाल्यावर ‘कोणामुळे’ हेही सांगावे, आणि शक्य तर नाव घेऊन. नाव ठाऊक नसेल तर ते शोधण्यास अजून वेळ असतो. माझ्याप्रमाणे तो दवडू नये.

मी ती कथा अजून शिकवितो. मुले अजून त्याच ठिकाणी हसतात, आणि मी त्यांना हसू देतो, ओ. हेन्रीने ते हसू मिळवावयाचेच म्हणून लिहिले आहे. फळ्यावर मात्र ‘विपर्यास’ हा शब्द आता लिहीत नाही. वर्ग शांत झाला की एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर वहीत न लिहिता घरी घेऊन जावयास सांगतो. सण गुरुवारी होता. तर बुधवारी तो म्हातारा काय जेवला?